लोकप्रतिनिधीचा खून झाला, की नेमकं काय मोडतं?

माझा भाचा एमपीएससीचा अभ्यास करतो. सकाळी सातला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत जाऊन बसतो आणि रात्री जेवायला आमच्याकडे असतो. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे पोळीचा पहिला तुकडा मोडायच्या आत त्याचा प्रश्न ताटात पडतो. परवाचा असा होता: "मामा, इंग्लंडमध्ये एका खासदार बाईंचा खून झाला. पोटनिवडणूक आली तर विरोधातल्या मोठ्या पक्षांनी उमेदवारच दिले नाहीत. याला श्रद्धांजली म्हणायचं, की मतदारांचा हक्क मारणं?"

आमटी निवेपर्यंत सांगता आलं तेवढं सांगितलं. पण एवढ्यात आटपणारा हा विषय नाही, म्हणून आता बैठक मारून लिहितो.

त्या बाई म्हणजे जो कॉक्स. वय ४१, दोन लहान मुलांची आई. ऑक्सफॅम या संस्थेत बरीच वर्षं काम करून मे २०१५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या बॅटली अँड स्पेन मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे पहिल्यांदा निवडून आल्या होत्या. १६ जून २०१६, गुरुवार, दुपारची वेळ. युरोपीय संघात राहायचं की नाही यावरचं सार्वमत बरोबर एका आठवड्यावर आलेलं आणि वातावरण तापलेलं. बर्स्टल नावाच्या छोट्या गावात ग्रंथालयाबाहेर एका माणसाने त्यांना गोळ्या घातल्या, भोसकलं. कोर्टात नाव विचारल्यावर त्याने नावाऐवजी देशद्रोह्यांना मरण द्या अशी घोषणा दिली. नोव्हेंबरमध्ये त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवसातलं लक्षात ठेवण्याजोगं नाव बर्नार्ड केनी यांचं आहे. ७७ वर्षांचा हा निवृत्त खाणकामगार बाईंना वाचवायला मधे पडला आणि स्वतः वार झेलून बसला. पुढे त्यांना जॉर्ज पदक मिळालं.

आता कॉक्स त्या ग्रंथालयात कशाला चालल्या होत्या? भाषण नव्हतं, उद्घाटन नव्हतं. मतदारांना भेटायला बसण्याचा त्यांचा तो दिवस होता. ब्रिटनमध्ये या बसण्याला 'सर्जरी' म्हणतात. हसू येतं, पण तो शब्द डॉक्टरच्या दवाखान्याच्या वेळेवरून आलेला आहे. आपल्याकडची ओपीडी म्हणा. खासदार ठरलेल्या वेळी ग्रंथालयात, चर्चच्या हॉलमध्ये, कुठेतरी टेबल-खुर्ची टाकून बसतो आणि लोक एकेक करून येतात. घराचं भाडं, अडकलेलं पेन्शन, शेजाऱ्याशी भांडण, व्हिसा.

मला हे वाचताना पंचवटीतला एक ओटा आठवतो. नाशिक महानगरपालिकेची स्थापना १९८२ ची, पण पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. त्या पहिल्या खेपेत निवडून आलेले एक नगरसेवक आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. ओट्यावर एक लाकडी बाक. सकाळी साडेसात ते दहा. पायरीखाली चपलांची रांग दिसली की समजायचं, साहेब आज गावात आहेत. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचंय, ड्रेनेज तुंबलंय, शाळेत ॲडमिशन मिळत नाही, पोराला पोलीस घेऊन गेलेत. यातलं निम्मं काम नगरसेवकाच्या अखत्यारीतलंच नसे. पण लोकांना अखत्यार कळत नाही, दार कळतं. ते बिचारे चिठ्ठी लिहून देत, फोन फिरवत, कधी स्वतः बरोबर जात.

या बसण्याची किंमत नाशिककरांना मध्यंतरी चांगलीच कळली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि शहर प्रशासकाच्या हाती गेलं. अधिकारी कामाचे नव्हते असं नाही. पण पाणी आलं नाही तर सकाळी सातला कुणाच्या दारात जाऊन तोंड सोडायचं, हेच कुणाला कळेना. ज्यांना पाच वर्षं शिव्या घातल्या त्याच माजी नगरसेवकांना लोक फोन करत होते.

म्हणून लोकप्रतिनिधीचा खून हा इतर खुनांसारखा असूनही आणखी काहीतरी असतो. कायद्याच्या लेखी जीव सगळ्यांचा सारखाच, आणि तो तसाच असायला हवा. पण हजारो लोकांनी रांगा लावून, शाई लावून घेऊन एक निर्णय केलेला असतो. तो एक माणूस सुऱ्याने खोडतो. शिवाय त्याने वार करायला जागा निवडलेली असते ती नेमकी ते उघडं दार. १५ ऑक्टोबर २०२१ ला हुजूर पक्षाचे खासदार डेव्हिड एमेस अशाच भेटीच्या वेळी एका चर्चच्या सभागृहात मारले गेले. मारेकऱ्याने रीतसर वेळ मागून घेतली होती! त्याही आधी, २००० साली, चेल्टनहॅमच्या खासदारावर त्यांच्या कार्यालयात तलवारीने हल्ला झाला तेव्हा खासदार वाचले, पण मधे पडलेले त्यांचे मदतनीस अँड्र्यू पेनिंग्टन गेले. ते स्वतः तिथले स्थानिक नगरसेवक होते.

इथे नाशिकचा वाचक मला अडवणार, आणि अडवलंच पाहिजे. आपल्या शहरात एका मोठ्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात, निरोपाचं नाटक बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार, गावात काही जण त्याला पंडित म्हणायचे. मग सरकारी कामावरचा माणूस मारणाऱ्याला एकदा हुतात्मा म्हणायचं आणि एकदा मारेकरी, हे कसं?

मी वर्गात याचं उत्तर देताना नेहमी थोडा अडखळायचो. जॅक्सनच्या घरच्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण १९०९ मध्ये नाशिकच्या माणसाला कलेक्टर बदलायचा असेल तर मतपेटी कुठे होती? या प्रश्नाची दुसरी बाजू बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत मांडली. घटनात्मक मार्ग खुले नव्हते तोवर दुसऱ्या मार्गांना काही समर्थन होतं, आता ते मार्ग खुले झालेत, तेव्हा रक्तपाताचे मार्ग सोडाच, पण सत्याग्रह आणि असहकारही बाजूला ठेवा, ते अराजकाचं व्याकरण आहे, असा त्या भाषणाचा आशय. आणि हे सांगणारा माणूस कोण? २ मार्च १९३० पासून आपल्याच काळाराम मंदिराच्या दारात ज्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालला, तोच. दार बंद असताना काय करावं लागतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून दार उघडलंय तर त्यातून जा, या त्यांच्या सांगण्याला वजन येतं. निदान माझ्यापुरता हिशेब यातून सुटतो, सगळ्यांचा सुटेल असं नाही.

आता श्रद्धांजलीकडे. तिचे सरकारी प्रकार आधी उरकतो, कारण परीक्षेत तेच येतात. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला की राष्ट्रध्वज अर्ध्यावर येतो आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत. परदेशी नेत्यासाठीही तो होतो: जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची ८ जुलै २०२२ ला प्रचारसभेत हत्या झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी भारतात दुखवटा होता. झेंडा अर्ध्यावर आणण्याचीही रीत आहे. आधी तो पूर्ण टोकाला न्यायचा, मग अर्ध्यावर उतरवायचा. संध्याकाळी काढतानाही पुन्हा टोकाला नेऊन मगच उतरवायचा. आमच्या शाळेचे शिपाईकाका हे न चुकता करायचे आणि आम्ही शिक्षक चुकायचो. लोकसभेत विद्यमान सदस्य गेला तर उल्लेख होतो, सगळे उभे राहतात आणि त्या दिवसाचं कामकाज तहकूब करण्याचा प्रघात आहे. प्रघातच, सक्ती नाही. १ फेब्रुवारी २०१७ ला खासदार ई. अहमद गेले त्याच दिवशी अर्थसंकल्प मांडला गेला आणि सभागृह तहकूब झालं दुसऱ्या दिवशी. आपल्या विधिमंडळात शोकप्रस्ताव येतो, बहुधा अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी.

या शोकप्रस्तावांची भाषा मात्र छापून ठेवल्यासारखी असते. कधीही भरून न येणारी पोकळी. पितृतुल्य व्यक्तिमत्त्व. राज्य एका अभ्यासू नेतृत्वाला मुकलं. नाव बदला, तोच कागद पुन्हा चालेल. चौकातल्या फ्लेक्सचं तर विचारूच नका. वर भावपूर्ण श्रद्धांजली, मधे गेलेल्या माणसाचा फोटो आणि खाली शोकाकुलांचे पंधरा चेहरे, त्यातले निम्मे हसरे.

कॉक्स यांच्यासाठी ब्रिटिश संसद सुट्टीतून परत बोलावली गेली, २० जून २०१६ ला. त्यांच्या जागेवर दोन गुलाब ठेवले होते, एक लाल आणि एक पांढरा. लाल त्यांच्या पक्षाचा, पांढरा त्यांच्या यॉर्कशायर परगण्याचा. पंतप्रधान कॅमेरून बोलले, विरोधी पक्षनेते कॉर्बिन बोलले. पण लोकांच्या लक्षात राहिली ती सहकाऱ्यांची भाषणं, कारण त्यात बाई दिसत होत्या. रेचल रीव्ह्ज म्हणाल्या त्याचा अर्थ असा होता, की बॅटली अँड स्पेनला नवा खासदार मिळेल, पण आईची जागा कोण घेणार? एकच वाक्य, पण ते दुसऱ्या कुणाच्या शोकप्रस्तावात जसंच्या तसं टाकता येत नाही. आणि वर्षभर आधीच्या पहिल्याच भाषणात कॉक्स यांनी जे म्हटलं होतं, की आपल्याला वेगळं करणाऱ्या गोष्टींपेक्षा आपल्यात सारखं असलेलं कितीतरी जास्त आहे, ते त्या दिवशी पुन्हा पुन्हा आठवलं गेलं. आज ते सभागृहाच्या भिंतीवर त्यांच्या मानचिन्हात कोरलेलं आहे.

मला यापेक्षा मोठी वाटते ती पुढची गोष्ट. कॉक्स यांनी एकटेपणावर एक आयोग उभा करायचं काम सुरू केलं होतं. भेटायला येणाऱ्या कित्येक म्हाताऱ्यांची खरी तक्रार कागदावर नसते, त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं, हे त्यांना दिसलं होतं. त्यांच्या मागे तो आयोग त्यांच्याच नावाने चालला, त्यात वेगवेगळ्या पक्षांचे लोक होते, आणि जानेवारी २०१८ मध्ये या विषयाची जबाबदारी एका मंत्र्यांकडे सोपवली गेली. सोपवणारं सरकार हुजूर पक्षाचं, म्हणजे बाईंच्या विरोधी पक्षाचं! एमेस यांचंही तसंच. आपल्या साउथएंड गावाला शहराचा दर्जा द्या, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत. सभागृहात त्यांनी इतक्यांदा विषय काढला की सगळे आधीच हसायला लागायचे. ते गेल्यावर तीन दिवसांनी, श्रद्धांजलीच्याच दिवशी, राणीने मागणी मान्य केल्याचं जाहीर झालं. माणूस जिवंत असताना ऐकलं असतं तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता भाच्याचा प्रश्न. २० ऑक्टोबर २०१६ च्या पोटनिवडणुकीत हुजूर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, यूकिप यांनी उमेदवार दिले नाहीत. किरकोळ पक्ष आणि अपक्ष उभे राहिले. मजूर पक्षाच्या ट्रेसी ब्रेबिन निवडून आल्या, मतदान जेमतेम एक चतुर्थांश झालं. कारण सांगितलं गेलं ते असं, की मारेकऱ्याच्या कृत्याने जागेचा पक्ष बदलता कामा नये. मला हे पटतं, पण एकदाच, आणि त्या मुदतीपुरतं. मतदारांनी २०१५ मध्ये दिलेला निकाल त्यांच्या मुदतीपर्यंत टिकवणं एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. बाईंच्या बहीण किम लेडबीटर २०२१ मध्ये त्याच जागेवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना चुरशीची लढत द्यावी लागली, ते योग्यच झालं.

आपल्याकडे लोकप्रतिनिधी कायद्याप्रमाणे रिकामी जागा साधारण सहा महिन्यांत भरायची असते. उमेदवार न देण्याची चाल आपल्याला नवी नाही, पण ती बहुतेक वेळा घरच्या माणसासाठी असते. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वला आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर भाजपने उमेदवार मागे घेतला, ऋतुजा लटके निवडून आल्या, आणि दुसऱ्या क्रमांकावर होता 'नोटा', १२,८०६ मतं घेऊन. तो आकडा काहीतरी बोलतो. याच्या उलट १९७० चं परळ. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जूनमध्ये खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, जोरदार लढत झाली आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक जिंकले. शोकाला मत द्यायचं की नाही, हे शेवटी मतदार ठरवतो. १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, त्याने भरभरून दिलं, काँग्रेसला ५१४ पैकी ४०४ जागा.

मग दार बंद करायचं का? ब्रिटनमध्ये २०१६ नंतर खासदारांसाठी 'ऑपरेशन ब्रिजर' नावाची पोलिसांची व्यवस्था सुरू झाली, घराला कुलपं-कॅमेरे बसले, अनेकांच्या भेटी आधी वेळ घेऊनच. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. एक्स, वाय, झेड ही अक्षरं इथे भीतीपेक्षा मानाची झाली आहेत. गार्ड काढला तर नेत्याचा अपमान होतो. ज्याला खरंच धोका आहे त्याला एक हवालदार मिळायची मारामार, आणि ज्याला नाही त्याच्या मागे-पुढे गाड्या.

२० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनातल्या प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. सरदार पटेलांनी येणाऱ्यांची झडती घेऊ द्या म्हटलं. गांधीजींनी नाही म्हटलं, प्रार्थनेला येणाऱ्याची झडती कसली? दहा दिवसांनी ३० जानेवारी. त्यांच्या अस्थी आपल्या रामकुंडातही विसर्जित झाल्या, शेजारीच गांधी तलाव आहे. दरवर्षी सकाळी ११ ला दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं. रविवार कारंजाच्या गर्दीत कोण थांबतं ते एकदा जाऊन बघा. त्यांचं नाही म्हणणं बरोबर होतं का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

खासदार-आमदारांच्या बातम्या तरी होतात. दार सर्वांत उघडं असतं ते खालच्या पायरीवर. बीडच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितल्या गेलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असं तपास यंत्रणांचं म्हणणं आहे, खटला कोर्टात आहे. सरपंचाचं मानधन त्याच वर्षी दुप्पट झालं होतं. छोट्या गावात दुप्पट होऊन महिना ६,००० रुपये.

आणि आपल्याच जिल्ह्यात यशवंत सोनवणे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी. निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते, पण काम जनतेचंच. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाची आदली दुपार. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोच्या परिसरात एका ढाब्यापाशी टँकरमधून भेसळीचा धंदा चाललेला दिसला आणि ते गाडी थांबवून उतरले. भेसळखोरांनी त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला. मी त्या वर्षी २६ जानेवारीला शाळेत झेंड्याखाली उभा होतो, मुलांसमोर बोलायचं होतं, आणि ठरवून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. गाडी पुढे नेली असती तर त्यांना कुणीही जाब विचारला नसता.

कायदा या माणसांना काय म्हणतो, तेही गमतीचं आहे. अधिकारी हा लोकसेवक, त्याला कामात अडवायला अंगावर हात टाकला की पूर्वी '३५३ लागायचा', आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ आहे. आमदाराचं काय? अंतुले प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भारतीय दंड विधानाच्या व्याख्येत आमदार लोकसेवक बसत नाही. पुढे १९९८ मध्ये नरसिंह राव प्रकरणात, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरतं, खासदार लोकसेवक आहे असं ठरलं. म्हणजे निवडून दिलेल्या माणसाला आपण लोकसेवक म्हटलं ते लाच घेण्याच्या संदर्भात. भाचा यावर खूप हसला आणि मग म्हणाला, हा प्रश्न पेपरात येऊ शकतो.

त्या पंचवटीतल्या नगरसेवकांचा कुणी खून केला नाही. ते वयाने गेले, चारचौघांसारखे. गल्लीतल्या देवळाच्या सभामंडपात शोकसभा झाली. सहा-सात जण बोलले, पोकळी चार वेळा आली, त्यातली एक माझी. सूत्रसंचालक आता मौन म्हणणार तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. निराधार योजनेचा त्यांचा अर्ज तीनदा परत आला होता आणि तिन्ही वेळा साहेबांनी तो बाकावर बसून स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून दिला होता. तिसऱ्या अर्जाची कार्बन कॉपी त्यांनी आणली होती. ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, "हे त्यांचं अक्षर," एवढंच म्हणाल्या, आणि घडी घालून पिशवीत ठेवली.